‘वाघ आला हाय’ या वाक्यातील त्रुटी

एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या मनात पोचवण्यासाठी भाषा असते, असा एक गैरसमज खेड्यापाड्यांत अजून टिकून आहे. ज्यांनी कधी कार्यालयात नोकरी केली नाही त्यांचा तो असणारच, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. अनुभवी माणसाला ठाऊक असतं की मनातलं पोचवायला फारसं काही लागत नाही. गाय हंबरते, वासरू धावत येतं, काम भागतं. भाषा लागते ती नंतर. जे पोचलं ते आपण पोचवलं नव्हतं, आणि जे पोचलं नाही ते आपण वेळेत पोचवलं होतं, हे पुढं कागदावर दाखवता यावं म्हणून.

आदेश गुरनुले याला हे जितकं लवकर उमगलं तितकं त्या भागात क्वचितच कुणाला उमगलं असेल.

आदेश मूळचा कोसमटोल्याचा. मूलच्या पुढं जंगलात शिरलं की पन्नासेक घरांचं हे गाव लागतं. बाप लहानपणीच गेला. आई शकुबाई धानाची एक बांधी करायची, चैतात मोहा वेचायची, वैशाखात तेंदूपत्ता तोडायची. त्यावर तिनं पोराला शिकायला चंद्रपूरला धाडलं. पहिल्याच दिवशी वर्गात उशिरा पोचल्याबद्दल प्राध्यापकांनी कारण विचारलं. आदेश उभा राहून म्हणाला, “सर, मले बसच नाई भेटली.” वर्ग हसला. सरही हसले, आणि मागच्या बाकांना ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं.

त्या दिवसापासून आदेशनं स्वतःवर उपचार सुरू केले. वसतिगृहाच्या आरशासमोर उभं राहून तो रोज तासभर ‘मला, तुला, त्याला’ म्हणे. ‘मले’ तीन महिन्यांत गेलं. ‘हाय’ जायला वर्ष लागलं. ‘का’च्या जागी येणारं ‘काऊन’ मात्र चामखिळीसारखं चिवट निघालं. एकीकडून काढलं की रागाच्या भरात दुसरीकडून उगवायचं. शेवटी त्यानं रागावणंच सोडलं आणि तेही गेलं. तिसऱ्या वर्षापर्यंत तो इतका बरा झाला की त्याला तहानसुद्धा पाण्याचीच लागे, पानी चालत नसे.

असा माणूस वाया जात नाही. मानव-वन्यजीव सुसंवाद कक्षात त्याला मसुदाकाराची नोकरी मिळाली. (कक्ष कोणत्या तालुक्यात आहे हे इथं दिलेलं नाही, कारण कक्षाच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातही ‘संबंधित तालुका’ एवढंच असतं.) कक्षात एक साहेब, आस्थापना बघणाऱ्या इंदुताई, एक जीप, जीपवर एक भोंगा आणि भोंग्यासाठी एक मसुदाकार. काम एकच, वन्यजीवांविषयी माणसांशी बोलणं. वन्यजीवांशी माणसांविषयी बोलण्याची तरतूद दुसऱ्या टप्प्यात आहे.

चौदा वर्षांत आदेशनं जे नाव कमावलं ते एका खास कलेवर. त्याच्या वाक्यात कोणीच काही करत नसे. सगळं आपोआप होई, घडून येई, निदर्शनास येई. नव्यानं लागलेले कारकून त्याच्या मसुद्यांच्या झेरॉक्स जवळ बाळगत. त्यांतले काही नमुने असे:

विहीर आटली: ‘जलस्रोताची उपलब्धता हंगामी स्वरूपाची आढळते.’
पूल वाहून गेला: ‘पुलाचे पर्जन्यमानाशी समायोजन झाले आहे.’
रानडुकरांनी धान खाल्लं: ‘पिकाचा लाभ बहुविध घटकांपर्यंत पोहोचला.’
वाघानं गाय मारली: ‘पशुधन व वन्यजीव यांच्यात निकटचा संपर्क प्रस्थापित झाला.’

शेवटचं वाक्य साहेबांना इतकं आवडलं की त्यांनी ते आपल्या साल्याच्या लग्नात, थोडा बदल करून, शुभेच्छा म्हणून वापरलं.

या प्रगतीचा त्रास एकाच व्यक्तीला झाला, आणि ती अशिक्षित होती. वर्षातून दोनदा आदेश गावी जाई. अंगणात खाट टाकून शकुबाई त्याच्यापुढं ताट वाढे आणि तो म्हणे, “आई, भाताचं प्रमाण किंचित कमी केलंस तर बरं होईल.” एकदा ती हातातला चमचा तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बापा, तू माह्यासंग बोलून राह्यला का मले वाचून दाखवून राह्यला?”

आदेश हसला. आईला आपली भाषा वाचल्यासारखी वाटते, ही त्याला पावतीच वाटली.

तर त्या वर्षीच्या चैतात, एका सोमवारी सकाळी, कक्षाच्या फोनवर एक मेसेज आला. पाठवणारा वनरक्षक लालसू पोटावी. लालसू विचार गोंडीत करी, बोले झाडीबोलीत, लिही मराठीत, आणि त्याला उत्तरं येत ती कक्षाच्या भाषेत. पहिल्या तिन्ही भाषांत वाघाला वाघच म्हणता येत असल्यामुळं त्याची भाषिक वाढ खुंटलेली होती. मेसेज असा होता:

‘वाघ आला हाय. मादी हाय, दोन पिल्लं हायेत. बोडीकडे कोनी जाऊ नका.’

बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवून धानाला द्यायचं तळं. ही बोडी कोसमटोल्याची होती. तिच्या काठानं मोहाची अकरा झाडं, आणि त्या दिवसांत गावातल्या बायका उजाडायच्या आधीच टोपल्या घेऊन तिकडे निघत. शकुबाईचं झाड त्या अकरांतलं चौथं.

बारा शब्द. लालसू ते गावात उभा राहून सांगू शकला असता, आणि आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावात त्यानं तसंच केलं होतं. तिथले लोक तीन दिवस घरात बसले, वाघ निघून गेला, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. परंतु इशारा दिल्याची नोंद कुठंच नव्हती. म्हणजे कागदोपत्री एक अख्खं गाव तीन दिवस विनाकारण घरी बसलं होतं. असा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून परिपत्रक निघालं: यापुढं क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी वन्यप्राण्यांविषयी कोणताही मजकूर मंजुरीशिवाय तोंडी उच्चारू नये. परिपत्रकाचा मसुदा अर्थातच आदेशचा होता.

आदेशनं मेसेजची प्रत काढली, फाइल उघडली आणि लाल पेन घेतलं. ‘हाय’ खाली रेघ. ‘हायेत’ खाली रेघ. ‘कोनी’ खाली रेघ. बोडी आपल्याच गावची हे लक्षात येऊन त्याचा हात किंचित थांबला. मग त्यानं ‘बोडी’ खालीही रेघ मारली, कारण हा शब्द अभिलेखात नव्हता. अभिलेखात तिचं नाव ‘लघु जलसंधारण संरचना क्र. ४’ असं होतं, आणि तसा एक पत्र्याचा फलक बोडीवर लावलेलाही होता.

मंगळवारी फाइल साहेबांपुढं गेली. साहेब बारकाईनं वाचणारे होते.

“वाघ आला, म्हणजे कुठून आला?”

“जंगलातून, सर.”

“म्हणजे आपल्याकडून. आपल्याकडून आला म्हटलं की आपण जाऊ का दिला, हा प्रश्न येतो. ‘आला’ काढा. ‘उपस्थिती’ करा.”

“वाघ ठेवू का?”

“वाघ म्हटलं की लोक घाबरतात.” साहेबांनी विचार केला. “मार्जारकुळातील मोठा प्राणी. ते शास्त्रीयही आहे.”

मादी काढावी लागली, कारण लिंगनिश्चितीचा अहवाल जोडलेला नव्हता. दोन पिल्लंही काढावी लागली, कारण आकडा दिला की ती गणना ठरते आणि गणनेचा अधिकार कक्षाला नाही. पण काहीच न सांगणं साहेबांच्या सचोटीला पटेना, म्हणून ‘सपरिवार’ हा शब्द घालण्यात आला. ‘जाऊ नका’ला सगळ्यात जास्त वेळ गेला. बंदी घालायची तर ती उठवायची कोणी? सकाळी ‘जाणे टाळावे’ होतं, दुपारी ‘टाळणे इष्ट’ झालं आणि कार्यालय सुटताना ‘योग्य तो विचार करावा’ इथं येऊन स्थिरावलं.

लालसू रोज फोन करी.

“साहेब, निघाला का जी कागद?”

“प्रक्रियाधीन आहे,” आदेश सांगे.

“म्हंजे नाई निघाला.”

“तसं म्हणता येणार नाही.”

लालसूनं मग आपल्या अडाणी पद्धतीनं मार्ग काढला. सोमवारपासून रोज पहाटे तो बोडीच्या वाटेवर जाऊन उभा राही. बायको सोमारीच्या जुन्या लुगड्याची लाल पट्टी त्यानं दोन झाडांना बांधली होती. बायका आल्या की विचारत, “काऊन गा लालसूभाऊ?” तो म्हणे, “मले सांगाची परवानगी नाई. वरून सांगतील.” बायका त्याच्या तोंडाकडे बघत आणि मुकाट मागं फिरत. म्हणजे परिपत्रकाचं पूर्ण पालन होत होतं. लालसूचं तोंड हा मजकूर आहे की नाही, याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नव्हतं.

बुधवारी दुपारी, डबे उघडले असताना, आदेशला राहवलं नाही. त्यानं आईला फोन लावला.

“बोल ना गा. जेवला का?”

“हो, जेवण चालू आहे. आई, एक सांगायचं होतं. सध्या तिकडे, संरचना क्रमांक चारकडे, जरा वावर आहे.”

“कोनाचा?”

“मोठ्या प्राण्याचा.”

“ढोरं सुटले का कोनाचे?”

“तसं निश्चित सांगता येणार नाही. तू सतर्क राहा. तिकडे जाणं टाळणं इष्ट.”

“इष्ट म्हंजे?”

इंदुताईंचा घास हातात होता आणि त्या ऐकत होत्या. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. आदेशच्या घशाशी सहा शब्द येऊन थांबले: माय, वाघ हाय, बोडीकडे जाऊ नोको. त्याला ते स्पष्ट ऐकू येत होते, आरशासमोर पुसून टाकलेले सगळेच्या सगळे. पण ते बोलायचे तर इंदुताईंच्या देखत बोलायचे होते. चौदा वर्षांत या खोलीत कुणी त्याच्या तोंडून ‘माय’ ऐकलेलं नव्हतं. त्याला चंद्रपूरचा तो वर्ग दिसला, आणि मागच्या बाकांसाठी पुन्हा एकदा म्हणायला सांगणारे सर दिसले.

“इष्ट म्हणजे योग्य,” तो म्हणाला.

“बरं, योग्य त योग्य.” शकुबाई म्हणाली. “तुही तब्येत बरी हाय ना? बोलनं असं काऊन येऊन राह्यलं?”

“छान आहे. ठेवतो.”

फोन ठेवल्यावर इंदुताई म्हणाल्या, “घरच्यांशीसुद्धा किती स्वच्छ बोलता हो तुम्ही.” आदेशला बरं वाटलं. त्यानंतर त्याला आणखी काहीतरी वाटलं, पण तोवर डबा संपला होता आणि दुपारचं टपाल आलं होतं.

गुरुवारी मसुदा मंजूर झाला. लालसूचे बारा शब्द वाढून नेमके पन्नास झाले होते:

‘कोसमटोला व लगतच्या परिसरातील सर्व सुजाण नागरिकांना कळविण्यात येते की, लघु जलसंधारण संरचना क्रमांक चार या ठिकाणी सकाळच्या सत्रात मार्जारकुळातील मोठ्या आकाराच्या प्राण्याची सपरिवार उपस्थिती असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी सर्व नागरिकांनी सदर ठिकाणच्या आपल्या उपस्थितीबाबत योग्य तो विचार करावा व मानव-वन्यजीव सहजीवनाचा लाभ घेण्याच्या दृष्टीने कक्षास सहकार्य करावे.’

उच्चार शुद्ध असावेत म्हणून तो आदेशच्याच आवाजात रेकॉर्ड करण्यात आला. ‘संरचना’ आणि ‘सपरिवार’ इतके सुरेख आले की साहेबांनी दोनदा ऐकले.

शुक्रवारी सकाळी नऊला जीप कोसमटोल्यात शिरली. मंजूर मजकुराची पोच देण्यासाठी लालसूला त्याच सकाळी कक्षात बोलावलेलं होतं, त्यामुळं वाटेवर कुणी नव्हतं. अंगणाअंगणांत मोहा वाळत पडला होता. भोंगा सुरू झाला आणि शकुबाई हातातला खराटा टाकून उभी राहिली.

“हा त माह्या आदेशचा आवाज हाय.”

शेजारपाजारच्या बायका गोळा झाल्या. “काय म्हनते वो?”

शकुबाईनं कान दिला. पन्नासांतले चार-पाच शब्द तिला ओळखीचे होते, आणि ते तिनं सरकारी गाड्यांच्याच तोंडून ऐकले होते. “सर्व नागरिक म्हनते. सकाळी म्हनते. उपस्थिती म्हनते, लाभ म्हनते. सपरिवार म्हनते, म्हंजे लग्नपत्रिकेवानी, पोरंबारं घेऊन या. बोडीवरच्या चार नंबरच्या बोर्डापाशी काहीतरी वाटप हाय.”

“पन लालसूभाऊ त जाऊ देत नोहता तिकडं,” एकीनं शंका काढली.

“लालसू काय म्हनत होता? वरून सांगतील. आता हे वरूनच त सांगून राह्यले.”

यात चूक काढायला जागा नव्हती. शकुबाई घरात गेली, धुतलेलं लुगडं नेसली, आधार कार्ड आणि रेशन कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि सगळ्यांच्या पुढं निघाली. पोराच्या खात्याचा कार्यक्रम होता, तिला मागं राहून चालणार नव्हतं. मागून गावातली बेचाळीस माणसं, त्यांत कडेवरची पोरं सहा. लाल पट्टी त्यांनीच सोडून नीट घडी करून ठेवली, सोमारीला परत द्यायला.

लालसू पोच देऊन परत येत होता. वाटेवर पट्टी दिसली नाही तेव्हा त्यानं मोटारसायकल तशीच बोडीच्या बांधावर घातली. माणसं फलकाभोवती रांग धरून उभी होती आणि शकुबाई रांगेच्या तोंडाशी होती. तिच्या डाव्या हाताला बेशरमाची झुडपं हलत होती.

“वाघीन हाय. फिरा मांगं,” लालसू ओरडला.

हे चार शब्द सगळ्याच माणसांना एकदम समजले, आणि रांग मोडली. शकुबाई सगळ्यात पुढं होती म्हणून सगळ्यात मागं पडली. वाघीण झुडपातून निघाली, एक पंजा मारला, आणि लालसू हॉर्न दाबून धरत गाडी अंगावर घालतोय हे बघून पिल्लांकडे परतली. तिनं एकदाच आवाज काढला. त्याला विषय नव्हता, संदर्भ क्रमांक नव्हता, तरी एकूण एक माणसाला त्याचा अर्थ कळला.

शकुबाईला लालसूनं आणि आणखी दोघांनी उचललं. तिच्या डाव्या खांद्याचं मांस लोंबत होतं आणि उजव्या मुठीत पिशवी होती.

तिसऱ्या दिवशी आदेश गडचिरोलीच्या रुग्णालयात गेला. जखमीचा जबाब घ्यायचा होता आणि आईला भेटायचं होतं, ही दोन्ही कामं एका फेरीत होण्यासारखी होती. खाटेशेजारी लालसू बसलेला होता. शकुबाईचा खांदा बांधलेला, डोळे खोल गेलेले. तिनं पोराकडे पाहिलं.

“तू बुधवारी फोन केला होता ना,” ती म्हणाली. “वाघ हाय, असं काऊन नाई म्हनला?”

“त्या वेळी मसुदा मंजूर झालेला नव्हता, आई.”

“मंजूर.” तिनं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. “माह्यासाठी कोनाची मंजुरी पायजे होती गा तुले?”

याचं उत्तर आदेशला माहीत होतं. एक वर्ग, एक खोली, एक थांबलेला घास. पण त्यानं कागद मांडीवर घेतला आणि पेनाचं टोपण काढलं, कारण टोपण काढल्यावर त्याला नेहमी बरं वाटे. या वेळी वाटलं नाही. छातीत काहीतरी दाटून आलं होतं आणि चौदा वर्षांच्या शब्दसंग्रहात त्याला नाव सापडेना. जवळचा शब्द ‘अस्वस्थतासदृश स्थिती’ असा होता, आणि तो त्याला स्वतःलाच हलका वाटला.

शकुबाईनं मान वळवली. “लालसूभाऊ, घोटभर पानी दे.”

पाण्याचा तांब्या आदेशच्या बाजूला होता. लालसू उठला, वळसा घालून आला आणि तांब्या घेऊन गेला.

जबाबाच्या कागदावर नंतर आदेशनं लिहिलं: ‘मी स्वेच्छेने सदर ठिकाणी उपस्थित असता मार्जारकुळातील प्राण्याशी माझा संपर्क झाला.’ खाली शकुबाईचा अंगठा घेतला. वाचून दाखवू का असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, “नोको.”

चौकशी नि:पक्षपाती झाली. निष्कर्ष थोडक्यात असे होते. सूचना विहित मुदतीत, विहित नमुन्यात आणि विहित आवाजात देण्यात आली. तिचा प्रसार शंभर टक्के झाला. (तक्त्यात ‘आकलन’ असा रकाना नाही.) जखमी महिलेस तिच्या मुलानं दोन दिवस आधी दूरध्वनीवरून वेगळं अवगत केलं होतं, म्हणजे तिला इतरांपेक्षा एक सूचना जास्त मिळाली होती. मात्र घटनास्थळी वनरक्षक पोटावी यांनी चार शब्दांचा अनधिकृत मजकूर मोठ्यानं उच्चारला, त्यामुळं तोवर रांगेत शांत व उत्साही असलेल्या नागरिकांत गोंधळ उडाला.

लालसूला कारणे दाखवा नोटीस निघाली. ती आदेशनंच लिहिली, आणि ती त्याच्या उत्तम लेखनात मोडते. लालसूचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘वाघीन होती म्हनून वाघीन हाय म्हनलो.’ उत्तर समाधानकारक नसल्याचा शेरा पडला. त्याला ‘प्रभावी संवाद कौशल्य’ या तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवण्यात आलं. शिकवायला आदेश होता. लालसू पहिल्या बाकावर बसला, तीन दिवस आदेशच्या तोंडाकडे बघत राहिला आणि एक अक्षरही बोलला नाही. त्याला ‘श्रवणकौशल्य: उत्तम’ असं प्रमाणपत्र मिळालं.

कोसमटोल्यानं यातून आपला धडा घेतला. भोंग्यातले शब्द ऐकायचे नाहीत, नुसता भोंगा ऐकायचा. आदेशचा आवाज आला की वाघ आला, असं सरळ गणित गावानं बसवलं. जीपचं नाक दिसताच लोक पोरंढोरं आत घेत आणि कड्या लावत. पुढच्या दोन सूचनांच्या वेळी संपूर्ण गाव दोन मिनिटांत घरात गेलं. साहेबांनी वर अहवाल पाठवला की प्रमाण आणि सुस्पष्ट भाषेचा असा परिणाम राज्यात अन्यत्र दिसून आलेला नाही. आदेशला बढती मिळाली आणि वरच्या कार्यालयात बोलावणं आलं.

जायच्या आधी पोळ्याला तो गावी आला. बस फाट्यावर सोडून गेली, तो पायी गावात शिरला. आईच्या अंगणात उभं राहून त्यानं हाक मारली, “आई, मी आलो आहे.”

शेजारच्या घराची कडी वाजली. मग पलीकडच्या. पाठोपाठ समोरच्या ओळीतल्या एकेक. एका बाईनं अंगणात खेळणारं पोर बखोटीला धरून आत ओढलं. थोड्या वेळात गल्लीत आदेश आणि दारांना सजवून बांधलेले बैल एवढेच उरले.

“आई, दार उघड. मी आदेश.”

“खरंच तू हाय का भोंगा हाय?” आतून शकुबाईनं विचारलं. ती थट्टा करत नव्हती. खांद्याला झाल्यापासून ती खात्री केल्याशिवाय दार उघडत नसे.

आदेशनं आजूबाजूला पाहिलं. इंदुताई नव्हत्या, साहेब नव्हते, वर्ग नव्हता. ऐकायला फक्त बैल होते. एकच शब्द म्हणायचा होता. त्यानं तोंड उघडलं, ओठ जुळवले, ‘मा’पर्यंत पोचला आणि पुढचं अक्षर शोधत राहिला. जीभ जिथं जायला हवी तिथं जाईना. बरीच वर्षं न चाललेल्या पायवाटेवर रान माजावं तसं तिथं माजलं होतं.

“माझी खात्री बाळगण्यास हरकत नाही,” तो शेवटी म्हणाला.

मग शकुबाईनं उजव्या हातानं कडी काढली, कारण डावा आता वर जात नाही. तिनं त्याला बसायला पाट दिला, पुरणाची पोळी वाढली आणि समोर बसून राहिली. तो जेवण उत्तम झाल्याचं म्हणाला. तिनं ताट उचललं. संध्याकाळच्या बसनं तो गेला.

त्याच्या बढतीमुळं कक्षात मसुदाकाराचं पद रिक्त आहे. ते त्वरित भरायचं असून अर्ज मागवण्यात येत आहेत. वयाची अट नाही, अनुभवाची अट नाही, जंगल पाहिलेलं असण्याची तर मुळीच नाही. पात्रता एकच: वरची हकीकत वाचताना उमेदवार आदेशच्या मसुद्यांना हसला असला तरी चालेल, मात्र शकुबाईच्या बोलण्याला निदान एकदा तरी हसलेला असावा, किंवा निदान तिचं ‘मले’ त्यानं मनातल्या मनात ‘मला’ असं दुरुस्त करून घेतलेलं असावं. आपण इथवर वाचलं आहे, तेव्हा आपली लेखी परीक्षा झालेली आहे. रुजू व्हायला कधी येता, तेवढं कळवावं.